पोलिसांच्या कॉम्प्युटरात आपली कंप्लेंट नीट कशी बसवायची: बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या नवख्यांसाठी

आपल्या भागात गाडी चोरीला गेली की चोराला राज्य बदलायला वेळ लागत नाही. निपाणीतनं निघाला, कोगनोळी नाका मागं टाकून दूधगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्र. बेळगावातनं वेंगुर्ला रोडनं गेला की शिनोळी, खानापुरातनं जांबोटी कणकुंबी करत चोर्ला घाट उतरला की गोवा, आणि अथणी कागवाडकडनं म्हैसाळवरून मिरज तर जवळच. गाडी एका राज्याच्या पोलिसांच्या हद्दीत चोरलेली, विकायला काढली दुसऱ्याच्या, नंबर प्लेट मधेच कुठंतरी बदललेली. अशी गाडी सापडते ती पोलिसांच्या देशभरच्या डेटाबेसमुळं, पण एका अटीवर, त्यात तुमची माहिती पहिल्याच दिवशी बरोबर टाईप झालेली पाहिजे. बऱ्याच कंप्लेंटी तिथंच मार खातात, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी हे डेटाबेस म्हणजे काय ते थोडक्यात

दिल्लीत नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरो आहे, एनसीआरबी म्हणतात ते, १९८६ साली केंद्राच्या गृह खात्याखाली सुरू झालं. दरवर्षी पेपरात गुन्ह्यांची आकडेवारी येते ती यांचीच. पण आपल्या कामाचं म्हणजे सीसीटीएनएस, गुन्हे आणि गुन्हेगारांची माहिती देशभर शोधायचं पोलिसांचं कॉम्प्युटर जाळं. मुंबई हल्ल्याच्या पुढच्या वर्षी, २००९ मध्ये केंद्रानं याला मंजुरी दिली, २००० कोटींची योजना होती, आणि उद्देश सरळ होता की देशातली सगळी पोलीस स्टेशनं एकाच जाळ्यात आणायची. त्याआधी रेकॉर्ड स्टेशनच्या रजिस्टरात असायचं, फार तर वायरलेसवर मेसेज जायचा, पलीकडच्यानं तो लिहून घेतला तर घेतला. आता निपाणीत नोंदलेला गुन्हा बेंगलोरच्या सर्व्हरवरनं दिल्लीला जातो आणि कागलचा किंवा म्हापशाचा पोलीस आपल्या स्टेशनमध्ये बसून तो शोधू शकतो.

एक गोष्ट आपल्याकडच्यांना माहीत असावी. कर्नाटक पोलिसांचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे, पोलीस आयटी नावाचं, आणि इथली एंट्री आधी त्यात होते, तिथनं देशाच्या डेटाबेसला जाते. म्हणून स्टेशनात कोणी सीसीटीएनएसऐवजी पोलीस आयटी म्हटलं तर गोंधळू नका.

याच्या भोवती आणखी बरंच काही जोडलेलं आहे. बोटांच्या ठशांसाठी नाफिस, हे ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालं, त्यात अटक झालेल्या माणसाला १० आकडी नंबर मिळतो आणि त्याचे पहिले दोन आकडे कुठल्या राज्यात नोंद झाली ते सांगतात. लैंगिक गुन्हेगारांची वेगळी यादी २०१८ पासून आहे, ती फक्त तपास यंत्रणांना दिसते. आरटीओचा गाड्यांच्या नोंदीचा ‘वाहन’ नावाचा डेटाबेस आहे, चोरीचे मोबाईल ब्लॉक करायला सीईआयआर आहे. आणि कोर्ट, जेल, फॉरेन्सिक लॅब, सरकारी वकील, पोलीस या पाचांना एकमेकांना जोडणारं आयसीजेएस आहे. हे सगळं पाठ करायची गरज नाही, फक्त कुठली माहिती कुठं जाते याचा अंदाज असू दे.

स्टेशनला जायच्या आधी

माझं ठाम मत आहे की सीमेवर राहणाऱ्यानं नावापेक्षा नंबरावर जास्त भर द्यावा. कारण असं, इथं एफआयआर बहुतेक कन्नडमध्ये होते, नावं कन्नडात किंवा इंग्रजीत टाईप होतात, पलीकडं मराठीत. एकच चव्हाण इंग्रजीत तीन तऱ्हेनं लिहिला जातो, जोतिबा आणि ज्योतिबा वेगळे होतात, वडिलांचं नाव कधी मधे येतं कधी शेवटी जातं, गावाच्या नावाचं तर विचारूच नका. कॉम्प्युटर जवळपासची स्पेलिंगं शोधायचा प्रयत्न करतो पण त्याच्या भरवशावर बसू नये. चेसिस नंबर मात्र निपाणीत जो तोच कोल्हापुरात, तोच पणजीत.

म्हणून गाडी असेल तर आरसी, इन्शुरन्स, आणि त्यावरनं चेसिस नंबर आणि इंजिन नंबर एका कागदावर सुटा सुटा, मोठ्या अक्षरात लिहून न्या. हल्लीच्या गाड्यांचा चेसिस नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो, मोजून बघा. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, म्हणजे ओसारखं काही दिसलं तर ते शून्य आहे आणि आयसारखं दिसलं तर एक. ही एवढी बारीक गोष्ट माहीत नसल्यानं चुकीचा नंबर टाईप होतो आणि मग गाडी समोर उभी असली तरी कॉम्प्युटर म्हणतो रेकॉर्ड नाही. प्लेटचा नंबर, केए २२ असू दे नाहीतर केए २३, तो द्यायचाच, पण चोर पहिल्यांदा तोच बदलतो हे डोक्यात ठेवा.

मोबाईल असेल तर आयएमईआय नंबर, १५ आकडी. बॉक्सवर असतो, बिलावर असतो. फोन हातात असतानाच स्टार हॅश झिरो सिक्स हॅश डायल करून तो बघून घ्या आणि घरात कुठंतरी लिहून ठेवा, दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर येतात, दोन्ही लिहा. आज, आत्ताच करा हे. फोन गेल्यावर बॉक्स शोधत बसणारे फार.

स्टेशनमध्ये काय म्हणायचं

आत गेल्यावर साध्या भाषेत सांगा, साहेब गाडी चोरीला गेली आहे, कंप्लेंट द्यायची आहे. चोरीला गेली असेल तर चोरीच म्हणा. हरवली म्हणू नका, कारण हरवल्याची नोंद वेगळी, तिला कर्नाटकात ई-लॉस्ट रिपोर्ट आहे, ऑनलाईन होतो, आरसी, लायसन, मार्कशीट असं काही पडलं तर तो पुरतो. पण तो एफआयआर नव्हे. त्यावर कोणी तपास करत नाही आणि गाडीचा इन्शुरन्स तर त्यावर मिळायचाच नाही.

हद्द आमची नाही असं ऐकायला मिळतं, आपल्या भागात तर जास्तच. कोल्हापूरला देवदर्शनाला गेलात, तिथं चोरी झाली, परत बेळगावला येऊन कळलं, तर इथले म्हणणार तिकडं जा. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा लागू आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत झालेला असू दे, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही स्टेशनला देता येते. याला झिरो एफआयआर म्हणतात, मग ती योग्य स्टेशनला वर्ग होते. आवाज न चढवता, झिरो एफआयआर करून घ्या सर, एवढं म्हणा. ऑनलाईन माहिती पाठवायचीही सोय कायद्यात आहे, पण मग ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते, नाहीतर ती रेकॉर्डवर घेतली जात नाही.

आता भाषेचं. कन्नड येत नसेल तर लाजू नका आणि भांडूही नका. तोंडी सांगितलेलं पोलिसांनी लिहून घ्यायचं, वाचून दाखवायचं आणि मग सही घ्यायची, असंच कायद्यात आहे. आपल्याकडच्या स्टेशनांत मराठी कळणारा एखादा हवालदार किंवा रायटर बहुतेक असतोच, त्यांना विनंती करा. कन्नड वाचता येणारा कोणी घरातला किंवा शेजारचा बरोबर घेऊन गेलात तर उत्तम. आमच्याकडची शाळकरी पोरं कन्नड चांगलं वाचतात पण पोराला स्टेशनात नेण्यापेक्षा मोठा माणूस बघा. समजल्याशिवाय सही करू नका, मग अर्धा तास जास्त गेला तरी चालेल.

सही करायच्या आधी हे बघा: चेसिस नंबर एकेक आकडा बोट ठेवून, इंजिन नंबर तसाच, तारीख आणि वेळ, गाडीचा रंग, तुमचा चालू मोबाईल नंबर. गाडीला काही खूण असेल, टाकीला पोचा आहे, सीट कव्हर वेगळं आहे, पाठीमागं देवाचं नाव लिहिलंय, ते सांगा. या खुणा डेटाबेसमध्ये शोधायला फारशा कामाच्या नसतील, पण गाडी सापडल्यावर ही माझीच म्हणून दाखवायला उपयोगी पडतात.

मग एफआयआरची कॉपी. ती फुकट मिळते, हक्कानं मिळते. तिच्यावर क्राइम नंबर असतो, आपल्याकडं क्राइम नंबर म्हणतात, पलीकडं गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणतात, दोन्ही एकच. त्याचा फोटो काढून ठेवा. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या निकालानं एफआयआर साधारण २४ तासांत पोलिसांच्या वेबसाईटवर टाकायची असते, बाईमाणसांवरचे लैंगिक अत्याचार, लहान मुलांवरचे अत्याचार, दहशतवाद असे नाजूक विषय सोडून. तिथं आपली एफआयआर उघडून परत एकदा नंबर तपासा, चूक दिसली तर लगेच लेखी अर्ज द्या दुरुस्तीचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या.

घेतलीच नाही कंप्लेंट तर? जिल्ह्यात एसपी साहेबांना, बेळगाव शहरात असाल तर पोलीस आयुक्तालय आहे, तिथं लेखी, पोस्टानं पाठवा, रजिस्टर करून. त्यानंही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येतो.

पुढं पोलीस त्याचं काय करतात

एफआयआर हा पहिला फॉर्म. त्याच्या मागोमाग घटनास्थळाचा फॉर्म, अटकेचा, जप्तीचा, आणि शेवटी चार्जशीट किंवा फायनल रिपोर्ट असे फॉर्म भरले जातात, सगळे एकमेकाला जोडलेले. समजा कागल पोलिसांनी नाकाबंदीत एक गाडी धरली, कागद नाहीत. ते चेसिस नंबर टाकून वाहनमध्ये मालक बघतात आणि सीसीटीएनएसमध्ये चोरीची नोंद बघतात. निपाणीची एफआयआर निघाली की इकडं फोन येतो. उलटही होतं, जप्तीचा फॉर्म आधी भरलेला असतो आणि तुमची कंप्लेंट नंतर जाते, तेव्हा इथल्या पोलिसांनी सर्च मारला पाहिजे, तो आपोआप होईल असं धरून चालू नका. म्हणून आठवड्या दोन आठवड्यांनी जाऊन, सर, बाहेरच्या राज्यात जप्त गाड्यांमध्ये एकदा बघता का, असं नम्रपणे विचारणं यात काही गैर नाही. तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला कळवायची असंही नव्या कायद्यात आहे, ते बऱ्याच लोकांना माहीतच नसतं.

घरफोडी असेल तर नंबर नसतो, तिथं बोटाचे ठसे. म्हणून कपाट फुटलेलं दिसलं की आवरायला घेऊ नका, बायकांना वाटतं घर असं उघडं पडलंय, पाहुणे येतील, पण पोलीस येईपर्यंत कशालाच हात लावू नका. तिथं मिळालेला ठसा नाफिसमध्ये टाकला की देशात कुठंही आधी अटक झालेल्या माणसाशी जुळतो का ते बघता येतं. पूर्वी सांगलीत पकडलेला माणूस खानापुरात घर फोडत असेल तर हे कळायला जुन्या काळी नशीबच लागायचं. पण ज्याला कधी अटकच झाली नाही त्याचा ठसा त्यात नसणार, हेही खरं आहे.

मोबाईलची वाट थोडी वेगळी

पोलीस कंप्लेंट झाली की त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम काढा, कारण ओटीपी त्यावर येतो. मग सीईआयआरच्या सरकारी पोर्टलवर, ते आता संचार साथीमध्येच आहे, कंप्लेंटची कॉपी, आयएमईआय, तुमचं ओळखपत्र असं भरून फोन ब्लॉक करा. हे सगळ्या देशातल्या सगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कला लागू होतं, फोन गोव्यात गेला तरी आणि तिथं कोणी नवीन सिम घातलं तर त्याची खबर पोलिसांपर्यंत पोचते. रिक्वेस्ट आयडी मिळतो तो जपा, फोन परत मिळाल्यावर अनब्लॉक करायला तोच लागतो.

जुनी गाडी घेताना हाच डेटाबेस तुम्हालाही उघडा आहे

आपल्या भागात एमएच ०९ ची गाडी इकडं, केए ची गाडी तिकडं, असा व्यवहार रोजचा. स्वस्त मिळते म्हणून घेतात आणि वर्षभरानं पोलीस दारात. त्याच्या आधी डिजिटल पोलीस पोर्टलवर जा, एनसीआरबीनं जानेवारी २०२० पासून तिथं वाहनाची एनओसी काढायची सोय दिली आहे. गाडीचा नंबर, चेसिस, इंजिन नंबर टाकायचा, गाडीवर पोलीस रेकॉर्ड आहे का ते निघतं, प्रिंट काढून कागदांना लावा. ही एनओसी आणि आरटीओची एनओसी एक नव्हे. दुसऱ्या राज्यातली गाडी आपल्याकडं कायम वापरायची तर फॉर्म २८ ची आरटीओ एनओसी वेगळी लागतेच, आणि १२ महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यावा लागतो. आणि चेसिस नंबर कागदावरनं नको, गाडीवर ठोकलेला वाचून टाका, तिथं घासल्यासारखं, परत ठोकल्यासारखं दिसलं तर सरळ माघारी या.

जुना मोबाईल घेताना केवायएम लिहून पुढं एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ ला पाठवा, ब्लॉक झालेला असेल तर कळतं.

माणूस हरवला तर

याबद्दल पोटतिडकीनं सांगावंसं वाटतं. २४ तास थांबा असं कुठल्याही कायद्यात नाही. लगेच जा. १८ वर्षांखालचं मूल असेल तर सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निर्णयानं एफआयआरच करावी लागते. अलीकडचा फोटो द्या, लग्नातला सजलेला नको, रोजच्या कपड्यातला. उंची, रंग, जुनी जखम, गोंदण, कुठला दात पडलाय, चष्मा, अंगावरचे कपडे, बोलायची भाषा, विसराळूपणाचा आजार असेल तर तोही. आपल्या भागातनं निघालेलं माणूस रेल्वेनं मिरजेला किंवा लोंढ्यावरनं गोव्याला सहज पोचतं, तिथं ते बेवारस म्हणून दवाखान्यात असेल तर तिथल्या पोलिसांच्या नोंदीत हेच लिहिलेलं असतं आणि जुळवणी यावरच होते. डिजिटल पोलीस पोर्टलवर हरवलेल्या माणसांचा सर्च घरच्यांनाही करता येतो, रोज बघत जा. मधे हरवलेलं माणूस स्वतःच घरी आलं तर आधी स्टेशनला कळवा, नोंद उघडी राहिली तर पुढं त्रास होतो.

आपलंच नाव त्यात असेल तर

नोकरीला, पासपोर्टला, भाड्याच्या घराला व्हेरिफिकेशन लागतं तेव्हा पोलीस याच रेकॉर्डमध्ये नाव शोधतात. कर्नाटकात पासपोर्ट सोडून बाकीचे अर्ज ऑनलाईन, राज्य सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवरनं होतात. आपल्याकडं बऱ्याच तरुण पोरांवर आंदोलनातल्या केसी आहेत, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीतल्या, मोर्चातल्या, आणि पुण्याला कंपनीत सिलेक्शन झाल्यावर ते रेकॉर्ड वर येतं. केस असणं म्हणजे गुन्हेगार असणं नव्हे, पण फॉर्ममध्ये केस आहे का या रकान्यात खोटं लिहू नका. पोलिसांच्या रेकॉर्डमध्ये ती निघणारच आणि मग लपवलं हाच मोठा मुद्दा होतो.

कोर्टानं निर्दोष सोडलं असेल तर निकालाची सर्टिफाईड कॉपी काढा, क्राइम नंबर आणि कोर्टाचा १६ अक्षरी सीएनआर नंबर लिहून स्टेशनला अर्ज द्या की रेकॉर्डमध्ये निकाल अपडेट करा. आयसीजेएसमुळं कोर्टाचं पोलिसांकडं यायला पाहिजे खरं, पण जुन्या केसींचं राहून जातं, पाठपुरावा आपणच करायचा. अटकेत ठसे घेतले असतील तर २०२२ च्या कायद्यानं ते ७५ वर्षं ठेवता येतात, पण आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला आणि कोर्टानं वेगळं काही सांगितलं नाही, तर ते नष्ट करायचे असं त्याच कायद्यात आहे. यासाठी वकिलाकडनं लेखी अर्ज करून घ्या. एक दिवस जाईल, पण पोराचं पुढचं आयुष्य त्यावर आहे.

पैसे देऊन रेकॉर्डमधनं नाव काढून देतो म्हणणारे एजंट भेटतील. त्यांच्या हातात काही नसतं. वाहनाची एनओसी आणि हरवलेल्या माणसांचा सर्च सोडला तर लोकांना हा डेटाबेस उघडायला मिळत नाही आणि कोणी उघडून दाखवतो म्हणाला तर तो बेकायदेशीर काम करतोय.

आणि असे फोन आले तर

मुंबई क्राइम ब्रँचमधनं बोलतोय, तुमचं नाव नॅशनल डेटाबेसमध्ये आलंय, व्हिडिओ कॉल बंद करू नका, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, असे फोन येतात आणि रिटायर झालेली शिकलेली माणसंही घाबरून पैसे भरतात. डिजिटल अरेस्ट नावाचं काही कायद्यात नाही. पोलीस रेकॉर्ड तपासून फोनवर पैसे मागत नाहीत, कधीच नाही. फोन ठेवा, घरच्यांना सांगा. पैसे गेले असतील तर १९३० ला लगेच लावा, मिनिटं मोजा, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत थांबवायचे असतात, आणि बँकेचं नाव, किती रक्कम, किती वाजता, ट्रान्झॅक्शन नंबर हे हातात धरूनच फोन करा. त्यानंतर जवळच्या सीईएन, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणाऱ्या, पोलीस स्टेशनला जाऊन कंप्लेंट द्या आणि १९३० वर मिळालेला नंबर त्या कंप्लेंटमध्ये लिहून घ्यायला सांगा.